चमचाभर मुशीचं तेल

मिरकरवाड्याच्या जेटीवर लिलाव सुरू व्हायच्या आधी गुणवंती टबांमधून एक फेरी मारते. बोलत नाही, हात लावत नाही, नुसती वाकून बघते. माशाचा डोळा वर आलेला, काचेसारखा असला तर ती गुपचूप पुढच्या टबाकडे सरकते आणि बोली लागेपर्यंत चेहऱ्यावर काही दाखवत नाही. डोळा आत गेलेला, दुधाळ दिसला तर कल्ला उघडून बघायचेही कष्ट घेत नाही. बावीस वर्षं हाच धंदा. शिळी सुरमई ताजी म्हणून गुणवंतीच्या गळ्यात मारील असा माणूस अजून जेटीवर यायचा आहे, असं तिच्या शेजारी पाटी मांडणारी मनिषा सांगते, आणि मनिषा उगाच कुणाचं कौतुक करणारी नव्हे.

अशा बाईला घरी स्वतःच्या पोरीच्या तोंडाकडे बघवत नसे.

वेदिका दहावीत असताना कपाळावर दोनचार पुटकुळ्या आल्या. वयच आहे, जातील, असं सगळे म्हणाले. कपाळावरच्या गेल्या खऱ्या, पण गालांवर गाठी आल्या. लाल, टणक, बोट लागलं तरी डोळ्यांत पाणी यावं अशा. मग जबडा, मग मान, मग पाठ. तंत्रनिकेतनात सिव्हिलच्या डिप्लोमाला गेली तोवर चेहऱ्याची एक जागा मोकळी उरली नव्हती. करोनाच्या साथीतला मास्क साऱ्या जगाने काढून फेकला, वेदिकाने मात्र कपाटात डझनभर आणून ठेवले. घरातही ती आरशाकडे पाठ करून वेणी घाली.

गुणवंतीने करायचं ते सगळं केलं. हळद लावली, चंदन लावलं, कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ घातली. मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब लावली, तिने आठ दिवस चेहरा गुळगुळीत झाला आणि नवव्या दिवशी पहिल्यापेक्षा वाईट. नवरा, गुणाजी, ट्रॉलरवर. एकदा गेला की आठ-दहा दिवस दर्यावर. त्याला फोन लावला तर म्हणे, "मासळी बंद कर तिची." मासळी विकणाऱ्या घरात महिनाभर डाळ शिजली. काही फरक नाही. रोज सकाळी वेदिका कॉलेजला गेली की गुणवंती तिच्या उशीचा अभ्रा काढी. त्यावर पिवळे-लाल डाग असत. थंड पाण्यात साबण लावून ती ते घासत बसे. पोरीच्या दुखण्यातलं तिच्या हाताला लागणारं तेवढंच होतं.

तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला कॉलेजात सांगितलं की मार्चमध्ये पुण्याची एक कंपनी मुलाखतींना येणार. वेदिका त्या दिवशी घरी आली ती दप्तर न काढता दारातच बसली.

"आई, मुलाखतीला मास्क चालत नाही."

"कोण म्हणाला?"

"कोण कशाला म्हणायला हवं? तोंड झाकलेल्या मुलीला कोण साइटवर घेईल?"

मग मनिषाच्या सांगण्यावरून दोघी गावातल्या एका त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या.

डॉक्टरांनी दिव्याखाली चेहरा धरून पाहिला, पाठ पाहिली. म्हणाल्या, "या साध्या पुटकुळ्या नव्हेत, मावशी. या आतल्या गाठी आहेत. बऱ्या झाल्या तरी खड्डे ठेवून जातात. आजवर काय काय लावलंत?"

गुणवंतीने सगळं सांगितलं. ट्यूबचं नाव ऐकताच डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "ती आधी बंद. हिला पोटात घ्यायच्या गोळ्या लागतील. गोळी चांगली आहे, पण बेफिकिरीने घ्यायची नाही. आधी रक्त तपासायचं, मग दर महिन्याला पुन्हा. यकृत बघावं लागतं, रक्तातली चरबी बघावी लागते. आणि गोळी चालू असताना दिवस गेले तर बाळात मोठं व्यंग येतं. म्हणून गरोदर नाही याची तपासणीही दर महिन्याला. गोळी संपल्यावर पुढचा महिनाभरसुद्धा सांभाळायचं."

गुणवंती खुर्चीतून अर्धी उठली. "ओ बाई, लगीन नाय झाला तिचा!"

"लग्न झालंय का हे मी विचारलंच नाही. बाईमाणसाला ही गोळी द्यायची तर हे सगळ्यांनाच सांगते. माझ्या मुलीला दिली असती तरी सांगितलं असतं. आता पाच मिनिटं बाहेर बसा, मला हिच्याशी बोलायचंय."

गुणवंती बाहेर बाकावर चप्पल घासत बसली. वेदिका बाहेर आली ती कागदावर सही करून.

"काय विचारलान आत?"

"तुला विचारायला लाज वाटते ते सगळं," वेदिका म्हणाली आणि मास्कच्या आत हसली. किती तरी महिन्यांनी त्या घरातलं कुणी त्या चेहऱ्यावरून हसलं होतं.

वेदिकाने सूचना वहीच्या पानावर सुबक अक्षरात उतरवल्या आणि कपाटाच्या दारावर चिकटवल्या. गोळी दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. रक्तदान नाही. उन्हात मलम लावल्याशिवाय जायचं नाही. गाठी फोडायच्या नाहीत. मन खचल्यासारखं वाटलं, डोकं फार दुखलं, दिसण्यात फरक पडला तर लगेच कळवायचं. व्हिटॅमिनच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीत. असं सगळं 'नाही, नाही' आणि ते वेदिकाने पाळायचं. गुणवंतीच्या वाट्याला त्यातली एकच ओळ आली: गोळी जेवणासोबत घ्यायची, आणि जेवणात थोडं तेल-तूप हवं, नाहीतर ती अंगी लागत नाही.

ती ओळ गुणवंतीने वेदिकाकडून तीनदा वाचून घेतली.

पहिल्या महिन्यात चेहरा आणखी पेटला. डॉक्टरांनी हे आधी सांगितलं होतं, तरी गुणवंतीचा जीव थाऱ्यावर नव्हता. दुसऱ्या महिन्यात नव्या गाठी यायच्या थांबल्या. तिसऱ्या महिन्यात एका रविवारी गुणवंती जेटीवर पापलेटांवर बर्फ पसरत होती, तर समोरून वेदिका डबा घेऊन येताना दिसली. मास्क गळ्यात लोंबत होता. गालांवर डाग होते, खड्डे होते, पण गाठी नव्हत्या.

मनिषा ओरडली, "अगो बाय, तू हायस होय! मला वाटला गुणवंतीकडे नवीन गिऱ्हाईक आला!"

"नवीनच आहे मावशी. पापलेट कसं दिलं?"

"तोंड दाखवलंस ना, फुकट ने!"

गुणवंतीने मान वर केली नाही. बर्फ तिथल्या तिथेच पसरत राहिली, हात बधिर होईपर्यंत.

पण गोळीने एका हाताने दिलं ते दुसऱ्या हाताने काढायला घेतल्यासारखं झालं. वेदिकाचे ओठ फुटले. हसली की रक्त यायचं. नाकातून मधूनच लाल धागा. हातांची साल निघायची, सांधे दुखायचे. डॉक्टर म्हणाल्या, "हे होतंच. ओठांना लावत राहा, पाणी पी." वेदिकाचं त्यावर समाधान होतं, तिला चेहरा हवा होता, ओठ फुटले तर फुटले. गुणवंतीला मात्र वाटे, पोरगी आतून वाळत चाललीय. सुक्या बांगड्यासारखी.

जानेवारीत ती माहेरी नाट्याला गेली. तिथे तिची हौसामावशी, जिने आईमागे तिला वाढवली. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग तेल दी नी तिला!"

"कसला तेल?"

"कसला म्हणजे? मुशीच्या काळजाचा. तुला नाय पाजला मी लहानपणी? त्याच्यावर तर वाढलीस तू. डॉक्टरणीन काय सांगितलान? तेलासंगती गोळी घे. मग ह्याच्यापरीस चांगला तेल दुनियेत हाय?"

गुणवंतीला आपल्याला हे आधी का सुचलं नाही याचंच नवल वाटलं. त्या किनाऱ्यावर मुशीचं, म्हणजे लहान शार्कचं, तेल हे औषध नव्हे. ते भात-आमटीसारखं घरातलं. पावसाळ्यात पोरं शिंकायला लागली, बाळंतीण अशक्त झाली, म्हाताऱ्याला रात्रीचं दिसेना झालं, की चमचाभर तेल. दुसऱ्या दिवशी मावशीने होडीवरून दोन मुश्या आणवल्या, त्यांचं काळीज कापून पातेल्यात मंद जाळावर ठेवलं, वर आलेलं तेल फडक्यातून गाळलं आणि बाटली भरून दिली. बाटलीला बूच घट्ट लावून गुणवंती एसटीत ती मांडीवर धरून बसली.

"शी, हा वास!" वेदिका पहिल्या दिवशी म्हणाली. मग नाक दाबून प्याली. लहानपणी प्यायली होतीच. पुढे रोज रात्री आधी गरम भात, त्यावर कालवण, मग गोळी, मग चमचाभर तेल. गुणवंती स्वतः चमचा तोंडाशी धरी. इतक्या महिन्यांनी तिच्या हाताला काम मिळालं होतं. फेब्रुवारीत तर ओठांकडे बघून ती दोन चमचे द्यायला लागली.

फेब्रुवारीच्या तपासणीत रक्तातली चरबी वाढलेली निघाली.

"तळलेलं फार खातेस का?" डॉक्टरांनी विचारलं. "दुसरं काही औषध? व्हिटॅमिन? प्रोटीन पावडर वगैरे?"

"नाही," वेदिका म्हणाली.

"काय एक नाय," गुणवंती म्हणाली. दोघी खरं तेच बोलत होत्या.

घरी येऊन गुणवंतीने तळलेली तुकडी बंद केली. कढईच उचलून माळ्यावर टाकली. चमचा चालू राहिला.

डोकेदुखी त्याच सुमाराला सुरू झाली. सकाळी उठताना जास्त, वाकलं की ठणकायचं. "मोबाईल," गुणाजी फोनवरून म्हणाला. "दर्यावर आम्हांला नाय दुखत डोकी ती." वेदिकाला वाटलं, मुलाखतीचा अभ्यास, जागरण, उन्हाळा. कपाटावरच्या कागदात डोकेदुखीची ओळ होती, पण चेहरा आता इतका स्वच्छ झाला होता की त्या कागदाकडे कुणी बघत नव्हतं. आणि तिला भीती होती. डोकं दुखतं म्हटलं तर गोळी बंद करतील. मुलाखत पंधरा दिवसांवर होती. तिने कुणाला न सांगता डोकेदुखीची साधी गोळी घ्यायला सुरुवात केली.

मग एके दुपारी कॉलेजात संगणकावर आराखडा काढताना तिला एका रेषेच्या दोन रेषा दिसू लागल्या. तिला वाटलं, आपण चुकून दोनदा काढली. एक पुसली. दोन्ही गेल्या.

संध्याकाळी तिने आईला सांगितलं. लिलावातली बाई एका शब्दाचाही वाद न घालता उठली, हात धुतले आणि रिक्षा बोलावली.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांचं पाकीट मागून घेतलं आणि आपल्या टेबलाच्या कप्प्यात ठेवलं. मग प्रश्न विचारू लागल्या. पुरळावरचं आणखी कुठलं औषध मेडिकलमधून आणलं का? सर्दी-खोकल्याला काही घेतलं? नाही. नाही. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाल्या, "बरं, गोळी घेतेस तेव्हा ताटात काय काय असतं? सगळं सांग."

हे उत्तर गुणवंतीकडे होतं. ती पुढे सरकून उत्साहाने सांगू लागली. "भात, कालवण. तुम्ही सांगितलात ना तेल-तूप हवा, म्हणून मी मुशीच्या काळजाचा तेल देते. माझ्या मावशीन स्वतः काढलेला, बाजारातला नाय. आधी एक चमचा द्यायची, आता दोन. एक दिवस चुकवला नाय."

डॉक्टरांचं पेन थांबलं.

"किती दिवस?"

"झाले सहा-सात आठवडे."

"मावशी," त्या हळू म्हणाल्या, "ही गोळी म्हणजे व्हिटॅमिन ए चंच एक रूप आहे. मुशीच्या काळजात, म्हणजे यकृतात, तेच असतं, ठासून. म्हणून मी व्हिटॅमिन नको म्हटलं होतं. दोन्ही एकत्र पोटात गेलं की डोक्यात आतून दाब वाढू शकतो. डोळ्याच्या नसेवर येतो तो."

"पण ता काय औषध नाय..." गुणवंती म्हणाली.

"चमच्यात किती असतं?" वेदिकाने विचारलं. शिकलेल्या मुलीला आकडा हवा होता.

"कुणी सांगू शकणार नाही. प्रत्येक मुशीचं वेगळं. बाटलीवर काही लिहिलेलं नसतं." डॉक्टर वेदिकाकडे वळल्या. "तेलाचं विचारायला मी चुकले. या गावात बसून मला सुचायला हवं होतं. पण डोकं दुखतंय हे तू का नाही कळवलंस?"

"मुलाखत तोंडावर आहे," वेदिका म्हणाली.

त्याच संध्याकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. त्यांनी वेदिकाच्या डोळ्यांत थेंब घातले आणि अर्धा तास बाहेर बसवलं. थेंबांनी बाहुल्या पसरल्या, सगळा डोळा काळा झाला. गुणवंती त्या डोळ्यांकडे बघत राहिली. बावीस वर्षं डोळा बघून तिने आतलं सगळं ओळखलं होतं. या डोळ्यांतून तिला काहीएक कळेना.

नसेला सूज होती. दुसऱ्या दिवशी डोक्याची तपासणी झाली, त्यात दुसरं काही निघालं नाही. दाब उतरायचं औषध दिलं. वेळेवर आलात, बहुतेक सूज उतरेल, असं डॉक्टर म्हणाले. त्या 'बहुतेक' या शब्दाशी गुणवंतीचा जीव अडकून राहिला.

"आणि चेहऱ्याच्या गोळ्या?" वेदिकाने त्वचेच्या डॉक्टरांना विचारलं.

"बंद. आधी डोळे."

"डोळे बरे झाले की पुन्हा?"

"मी शब्द देणार नाही, वेदिका. एकदा असं झालं की ही गोळी बहुधा पुन्हा देत नाहीत. डोळ्यांचे डॉक्टर काय म्हणतात ते बघू. दुसरे उपाय आहेत, पण ते इतके जोरकस नाहीत. कदाचित इतक्या महिन्यांचं काम टिकेलही. कदाचित नाही."

गुणवंतीने विचारलं, "आता मी काय करू?"

"काही करू नका," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी ते रागाने म्हटलं नव्हतं. तसं म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

घरी वेदिका भांडली नाही. गुणवंती त्याचीच वाट बघत होती. शिव्या दे, बाटली फोड, काहीतरी कर. वेदिकाने कपाटावरचा कागद काढला, त्यात 'व्हिटॅमिनच्या गोळ्या' लिहिलं होतं तिथे पुढे पेनाने लिहिलं, 'आणि मुशीचं तेल', आणि कागद परत चिकटवला. चेहऱ्याच्या गोळ्या आता नव्हत्याच, तरी. मग पाठ करून झोपली. गुणवंतीने बाटली परसात नेऊन ओतली. वास चार दिवस गेला नाही. मांजरं तिथेच घुटमळत राहिली.

मुलाखतीच्या दिवशी वेदिकाचं डोकं ठणकत होतं. ती गेली, मास्क न घालता गेली, पण समोरच्या माणसाने पुढे केलेल्या नकाशावरचे आकडे तिला एकात एक घुसलेले दिसले. दोन चुकीची उत्तरं देऊन ती परत आली. "कळवतो म्हणाले," एवढंच तिने सांगितलं. घरात त्यावर पुन्हा कुणी बोललं नाही.

शिमगा झाला. नाट्याहून हौसामावशीचा फोन आला. "संपला का गो तेल? दुसरी बाटली काढून ठेवलीय. पोरीचा तोंड कसा हाय?"

गुणवंती फोन कानाला धरून उभी राहिली. मावशीला सांगायला हवं होतं. कुणा दुसऱ्याच्या लेकीला अशाच गोळ्या चालू असल्या तर? तिने सांगितलं, सगळं, तुटक तुटक. मग मावशी म्हणाली, "मी तुला पाजला तेव्हा तर काय झाला नाय गो..." आणि रडायला लागली.

सहा आठवड्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांनी पुन्हा थेंब घालून बघितलं. सूज बरीच उतरली होती. दोन रेषांची आता एकच रेषा दिसत होती. पूर्ण उतरली का? अजून थोडी आहे, जून महिन्यात पुन्हा या. चेहऱ्याच्या गोळ्यांचं? ते तेव्हा बघू.

परतताना रिक्षात दोघी शेजारी बसल्या होत्या. वेदिकाने उजेड सहन होत नाही म्हणून काळा चष्मा लावला होता. मारुती मंदिराच्या उतारावर रिक्षा हळू झाली, तेव्हा तिने काही न बोलता आईचा हात उचलला, तिचं मधलं बोट धरलं आणि स्वतःच्या जबड्याखाली, कानाजवळ टेकवलं. डॉक्टरांखेरीज तिने गेल्या कित्येक महिन्यांत कुणाला आपल्या तोंडाला हात लावू दिला नव्हता.

"लागली?"

कातडीखाली वाटाण्याएवढी गाठ होती. टणक, ऊन.

"कधीपास्ना?"

"परवापासून."

गुणवंतीला बोटाखाली गाठीचा ठोका कळत होता. की आपल्याच बोटाचा, तेही तिला सांगता आलं नसतं.

"आता?" तिने विचारलं.

"आता काही नाही, आई. जूनपर्यंत वाट बघायची."

"दाबू नको हां."

"मी नाही दाबत. तूच दाबतेयस."

गुणवंतीने बोट सैल केलं. पण काढलं नाही, आणि वेदिकानेही ते दूर केलं नाही. रिक्षा जेटीच्या रस्त्याला लागेपर्यंत ते तसंच तिथे होतं, गाठीवर नुसतं टेकलेलं.